कापगते काकाजींचा हेडफोन

हेडफोन घ्यायला जाताना सोबत लोखंडी सळई नेणारा माणूस भिलाईतल्या आमच्या अख्ख्या जुनवानीत एकच. आमच्या शेजारचे शामरावजी कापगते. दुकानदाराने हेडफोन काउंटरवर ठेवला की ते पिशवीतून हातभर लांब सळई काढतात, तिचं टोक हेडफोनच्या कपावर टेकवतात, दुसऱ्या टोकाची लाकडी मूठ कानामागच्या हाडावर दाबतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "लगाव गाना." दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपली खरेदी विसरून बघत राहतात. एका बाईने मला हळूच विचारलंसुद्धा, "ये वैद्यजी हैं क्या?" मी हो म्हणाले. खरं सांगत बसले असते तर तिला ते आणखी खोटं वाटलं असतं.

गाणं अर्धं झालं की काकाजी डोळे उघडतात आणि निकाल देतात, "धमक नाई."

धमक हा त्यांचा लाडका शब्द. चहात आलं कमी पडलं तर चहाला धमक नाही. कोणाचा जावई वाकून नमस्कार करताना गुडघे धरून उठला तर जावयात धमक नाही. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणे तासभर बोलले, त्यांचं भाषणही काकाजींनी याच दोन शब्दांत निकालात काढलं होतं, आणि तेही पहिल्या रांगेतून.

मी त्यांना माझ्या जन्मापासून ओळखते. माझे बाबा आणि ते पोलाद कारखान्यातल्या एकाच मिलमध्ये, एकाच शिफ्टला. कारखान्याच्या सेक्टरमध्ये आमची क्वार्टरं एका भिंतीची होती, पुढे दोघांनी जुनवानीत प्लॉटही शेजारी-शेजारी घेतले. मिलमध्ये काकाजींचं काम बेअरिंग ऐकण्याचं. मोठ्या मशीनचा दांडा ज्यात फिरतो ते बेअरिंग बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. तो बदल काकाजी सळई टेकवून दोन दिवस आधी ओळखत. कानात घालायला सगळ्यांना बोळे मिळायचे आणि सगळे ते घालायचे. काकाजींचे मात्र कायम खिशात. बाबा रागावले तर काकाजी म्हणायचे, "अगा, कानात बोळे घातल्यावर बेअरिंग काय भिंतीसंग बोलन?"

रिटायर झाल्यावर सत्कारात मिळालेलं घड्याळ त्यांनी कोणाला तरी देऊन टाकलं, सळई मात्र घरी आणली. तेव्हापासून गल्लीतलं एकही यंत्र सुखाने बिघडू शकलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या कूलरला सळई लावून ते म्हणाले, "वर्षे, हा पंप चार दिवसांचा पाव्हणा आहे." मी हसले. पंप तिसऱ्याच दिवशी गेला, आणि बेचाळीस डिग्रीत मला त्यांची माफी मागावी लागली. कुरुदच्या एका लग्नात तर त्यांनी डीजेच्या धडधडत्या खोक्याला सळई लावली आणि सांगितलं की डावीकडचा पडदा फाटला आहे. डीजेवाला भांडायला उठला. खोकं उघडलं तर पडदा खरंच फाटलेला. वऱ्हाडी नवरदेवाला सोडून काकाजींसोबत फोटो काढायला लागले.

इतक्या तिखट कानाच्या माणसाला स्वतःच्या दारची बेल मात्र ऐकू येत नसे. कुकरसमोर उभे असताना सात शिट्ट्या झाल्या तरी म्हणत, "अजून वाजलीच नाई." फोनवर तर कहरच. त्यांची मुलगी माधुरी पुण्याला असते. तिने मोठ्या लाडाने विचारलं, "बाबा, तुम्हाले नात पाहिजे का नातू?" काकाजी म्हणाले, "हो, हो. बरं." आम्ही आठवडाभर हसत होतो. माणूस आपल्याच नादात असतो, असं आमचं सगळ्यांचं ठरलेलं मत.

तर या माधुरीच्या बाळंतपणासाठी कुसुमकाकू पाच महिन्यांसाठी पुण्याला निघाल्या. तिथे दोन खोल्यांत सासू, सासरे आणि येणारं बाळ, म्हणून काकाजी इथेच राहणार होते. शुक्रवारची गाडी ठरली आणि काकाजींनी जाहीर केलं, "मले एक हेडफोन पाहिजे. जबर बासवाला. अन् ही निघायच्या आत पाहिजे."

गल्लीत खसखस पिकली. बायको माहेरी निघाली की म्हाताऱ्यांना कंठ फुटतो, इथे तर बायको लेकीकडे निघाली आणि म्हातारा डीजे होणार! काकू लाडू वळता वळता हसून म्हणाल्या, "राहू दे वो, त्याइचा शौक." त्यांचा आवाज अगदी बारीक, नाजूक. भजनात सगळ्या बायका थांबल्या तरी काकूंचा सूर वर कुठेतरी तरंगत असतो. माझं उलट. माझा आवाज इतका जाड की फोनवर अनोळखी लोक मला 'सर' म्हणतात आणि शाळेत माझ्या वर्गाला माइक लागत नाही.

तेव्हा माझ्या स्कूटीवर, मागे सळई घेऊन बसलेले काकाजी, अशी आमची वरात आठवडाभर फिरली. सुपेला झालं, सिव्हिक सेंटर झालं, मोहन नगरात माझ्या शाळेजवळची दोन दुकानं झाली. चौकात ट्रॅफिक हवालदाराने सळईबद्दल विचारलं तेव्हा काकाजींनी ती त्याच्या मोटारसायकलच्या इंजिनाला लावून ऑइल बदलायला सांगितलं. त्याने सलाम केला.

प्रत्येक दुकानात एकच क्रम. आधी सळई. सळईत पास झालेला हेडफोन मग काकाजी डोक्यावर चढवत, आणि दुकानदाराचं गाणं बंद करायला लावून स्वतःच्या फोनमधलं काहीतरी लावत. त्याला ते 'टेस्टिंग' म्हणत. टेस्टिंग अर्ध्या मिनिटाचं असे. तेवढा वेळ ते खाली मान घालून, ओठ घट्ट मिटून उभे राहत. मग हेडफोन काढून ठेवत. "नाई. मुर्दाड आहे."

"टेस्टिंगमध्ये काय आहे काकाजी?" मी विचारलं.

"टेस्टिंगच आहे," ते म्हणाले आणि फोन बंडीच्या आतल्या खिशात टाकला.

गुरुवारी दुपारी आम्ही सुपेल्यातल्या शेवटच्या दुकानात उभे होतो. दुकानदार पोटावर हात ठेवून बोलणारा शांत माणूस होता. त्याने आतून एक काळा, जाडजूड गाद्यांचा हेडफोन काढला. "अंकलजी, इससे ज़्यादा बास पूरे भिलाई में नहीं मिलेगा. इसके आगे फिर कान का परदा ही फटेगा."

"परदे की चिंता तुम मत करो. पूरी नौकरी मिल में निकाली है."

सळई लागली. काकाजींचा चेहरा उजळला. "वर्षे! आहे, आहे धमक! छातीत आली!" त्यांनी हेडफोन चढवला आणि टेस्टिंग लावलं. मी मनात देवाचे आभार मानायला सुरुवात केली होती, तेवढ्यात चेहरा पुन्हा उतरला. त्यांनी आवाज पूर्ण वाढवला. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग एकदम हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"तू ऐक. याच्यात का कमी आहे ते मले सांग."

मी हेडफोन लावला. आधी कुकरची शिट्टी ऐकू आली, इतकी जोरात की मी दचकले. मग काकूंचा बारीक आवाज, "अहो, मीठ निळ्या डब्यात आहे. तूरडाळ वरच्या फळीवर. गोळी जेवल्यावर घेजा, आधी नोका घेऊ. ऐकून राहिले ना? अन् एकटेच बसून नोका राहजा, वर्षाकडे जात जाजा." एवढंच. काकूंना नकळत, सैपाकघराच्या दाराशी उभं राहून कधीतरी भरून घेतलेलं.

"येते ऐकू?" काकाजींनी विचारलं.

"येते ना. चांगलं साफ येते."

ते दुकानदाराकडे पाठ करून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "काय म्हणते?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. बेल, कुकर, नात की नातू, सगळं एकदम आठवलं आणि आठवडाभर हसलेल्या स्वतःची लाज वाटली. मिलचा तो मोठा आवाज त्यांनी उघड्या कानांनी ऐकला होता आणि त्याने त्यांच्याकडून सगळे बारीक आवाज काढून घेतले होते. राहिला होता फक्त बास. पंप, डीजे, इंजिन आणि माझ्यासारख्या जाड गळ्याची माणसं.

मी त्यांना सगळं सांगितलं. मीठ, डाळ, गोळी. एकटं बसू नका, हेसुद्धा.

"घरी मले समजते," ते म्हणाले. "तोंड दिसते ना तिचं. फोनवर कुठलं तोंड? व्हिडिओ लावला तं ती फोन असा धरते का कपाळ अन् पंखाच दिसते. मले वाटलं, डबल ताकदीचा बास असन तं तिचाही आवाज ओढून आणन."

"काकाजी, कानाचं मशीन..."

"नाव नोको काढू!" ते इतक्या जोरात म्हणाले की दुकानदाराने पोटावरचा हात काढला. "कापगतेचं बेअरिंग गेलं म्हणतीन लोक. अन् तिले सांगशीन नोको. तिले समजलं तं ती जाणार नाई, अन् पोरगी तिथे एकटी पडन. घे, कबूल कर."

मी कबूल केलं. हेडफोन त्यांनी तोच घेतला. शुक्रवार उद्यावर आला होता आणि दुकानं संपली होती.

दुसऱ्या दिवशी दुर्ग स्टेशनवर काकाजी काकूंसाठी पाण्याची बाटली आणायला गेले, आणि दिलेला शब्द मी एक दिवसही पाळला नाही. मी काकूंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता या सामान घेऊन घरी परततात.

काकू लाडवांचा डबा मांडीवर सावरत म्हणाल्या, "मले नवीन सांगून राहिली का तू? आठ वर्षं झाले त्या गोष्टीले. म्हणून तं मी आधी ओट्यावर मूठ आपटतो अन् मंग बोलतो. त्याइले वाटते मले माहीत नाई. राहू दे म्हटलं, मिलमध्ये त्या कानाचा केवढा मान होता त्याइचा." मग त्या थोड्या पुढे सरकल्या. "पण फोनवर मूठ कुठं आपटू, याचाच घोर लागला होता मले. तुहं बोलणं कसं काय समजते त्याइले?"

"माझा आवाज जाड आहे काकू."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इतकी वर्षं काहीतरी लपवून ठेवलं होतं. "मंग शिकव मले."

दुर्गच्या दोन नंबर प्लॅटफॉर्मवर, भर सकाळी, पासष्ट वर्षांच्या कुसुमकाकू हनुवटी छातीला लावून, पोटातून आवाज काढत म्हणू लागल्या, "जेवले का? ... जेवले का?" पहिल्यांदा खोकला आला. दुसऱ्यांदा शेजारी पोत्यावर झोपलेला माणूस उठून बसला आणि म्हणाला, "नहीं, माताजी." काकू इतक्या हसल्या की पदर तोंडात घालावा लागला. पण सोडलं नाही. काकाजी बाटली घेऊन येताना दिसेपर्यंत त्या घोकत होत्या, आणि गाडी सुटली तेव्हाही खिडकीत त्यांची हनुवटी खालीच होती.

रविवारी मी काकाजींकडे वरणाची वाटी घेऊन गेले. ते बाहेरच्या ओट्यावर हेडफोन लावून बसले होते आणि फोन आलेला होता. त्यांनी आवाज इतका वाढवला होता की मला फाटकातूनच ऐकू येत होतं. पुण्याहून एक भारदस्त, घोगरा आवाज विचारत होता, "जेवले का?"

काकाजी ताठ बसले. नेहमीचं "हो, हो, बरं" ओठांवर आलेलं मला दिसलं, पण ते बाहेर पडलं नाही. "नाई जेवलो," ते म्हणाले. "डाळ कच्ची राहिली."

"किती शिट्ट्या केल्या?"

"मले का माहीत!" ते म्हणाले आणि स्वतःच हसायला लागले. मग सुटलेच. डाळ सांगितली, दूधवाला सांगितला, मांजर सांगितली. माधुरी कशी आहे विचारलं आणि उत्तर पूर्ण ऐकलं. मधे माझ्याकडे बघून त्यांनी हेडफोनवर टिचकी मारली आणि अंगठा वर केला. सगळं श्रेय बासचं. मी वाटी त्यांच्याजवळ ठेवली. त्या दिवशी मी कोणालाच काही सांगणार नव्हते.

बोलता बोलता तिकडे काकूंचा दम संपला असावा. आवाज निसटला आणि पुन्हा तो जुना, बारीक, भजनातला झाला. काकाजी एकदम थांबले. दोन्ही हातांनी त्यांनी हेडफोन कानांवर दाबून धरला.

"कुसुम?" ते म्हणाले. काकूंना नावाने हाक मारताना मी त्यांना जन्मात कधी ऐकलं नव्हतं. "कुसुम, गेली का तू?"

तिकडे कोणीतरी खोल श्वास घेतला.

"नाई गेली," तो जाड आवाज म्हणाला. "इथेच आहे. बोला तुमी."