तारळेकरांच्या कथेतला पाळणा

मागच्या बैठकीत मृदुला बोंद्रे यांनी तारळेकरांच्या कथेचा शेवट मोकळा सोडायला, पाळणा वरच राहू द्यायला सुचवलं, तेव्हापासून जत्रेतला आकाशपाळणा थांबलेला होता आणि सगळ्यात उंचावर मृदुलाबाईंचे यजमान सदानंदराव बसलेले होते. कथेत पात्र एकच असल्यामुळे बाकीच्या जागा रिकाम्या होत्या.

गावात याचं कुणाला नवल नव्हतं. लेखक मंडळाच्या जत्रा विशेषांकाचं हे आधीपासून असंच. बैठकीत सूचना यायची, लेखकानं मान डोलावली की तिकडे जत्रेत बदल व्हायचा. एका कवितेचं दुसरं कडवं कंटाळवाणं ठरलं, तेव्हा बांगड्यांची अख्खी गल्ली गेली. बांगडीवाल्यांनी तक्रार केली नाही. कडवं खरोखरच कंटाळवाणं होतं.

सदानंदराव उंचीला भारी घाबरत. “मी बैठक आटपून येते, तोवर एक चक्कर मारा,” असं मृदुलाबाईंनीच त्यांना आग्रहानं सांगितलं होतं, आणि ते आठवलं की बाई ताट तसंच ठेवून उठत. दोरीला बांधून पिठलं-भाकरी वर जाई आणि घडीघडीला त्यांचा फोन खाली बाईंना येई.

“अहो, आज बैठक आहे. आज सांगतेच मी तारळेकरांना.”

“गोडीत सांग गं. चिडवू नकोस त्यांना. इथं वारा सुटलाय.”

मंडळाचा नियम कडक. इतर सगळ्यांच्या साहित्यावर बोलून झाल्याशिवाय त्याच कथेवर पुन्हा बोलता येत नाही, आणि ‘छान आहे’ हा अभिप्राय धरला जात नाही. शेट्ये यांनी मौत का कुआंवरची कविता वाचली. कवितेला वेग कमी पडतोय, हे मृदुलाबाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं. कुआंच्या आत त्या वेळी दोन पोरं मोटरसायकली चालवत होती.

“शीर्षक बदलून बघा,” त्या कशाबशा म्हणाल्या. शेट्ये यांनी मान डोलावली. बाहेर पाटी उतरवल्याचा आवाज आला.

मग तारळेकर.

“कथा उत्तमच आहे,” मृदुलाबाई म्हणाल्या. “पण पाळणा शेवटी खाली यावा, असं वाटतं.”

“बाई, वर राहू दे असं तुम्हीच म्हणालात.”

“तेव्हा चुकलं माझं.”

“चुकलं कसं? जिल्ह्याच्या दिवाळी अंकानं याच शेवटासाठी कथा घेतली. जन्मभर लिहितोय मी. पहिल्यांदाच कुणी घेतली.” तारळेकरांनी कथेची पानं जवळ ओढली. माणूस वाईट नव्हता, तीच तर अडचण होती.

“सूचना अमान्य,” अध्यक्ष गुरव सर म्हणाले. “आणखी काही?”

पर्समधला फोन थरथरत होता. मृदुलाबाईंना रडू येऊ लागलं, पण ते अभिप्रायात बसत नव्हतं.

“शेवट राहू दे,” त्या म्हणाल्या. “पण तो माणूस पटत नाही. इतका घाबरट माणूस एकटा बसेलच कसा? शेजारी कुणी तरी हवं. बायको असली तर बरं.”

तारळेकरांनी पेनाचं टोपण काढलं. “वय?”

“माझ्याएवढी.”

“बोलकी?”

“बऱ्यापैकी.”

“शेवटाला धक्का नाही ना लागत?”

“मुळीच नाही.”

तारळेकरांनी विचार केला आणि मान डोलावली.

पाळणा जरासा हलला. सदानंदराव दांडी धरून, डोळे गच्च मिटून बसले होते.

“काय म्हणाले तारळेकर?” त्यांनी विचारलं.

“नाही म्हणाले.”

सदानंदरावांनी एक डोळा उघडला. शेजारी येऊन बसलेल्या बायकोकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती जरा उतरली, आणि मग पुन्हा चढली.

“अगं, पण मग पुढच्या बैठकीत आपल्या बाजूनं बोलणार कोण?”

मृदुलाबाईंनी याचा विचार केलेला नव्हता. त्यांनी खाली पाहिलं आणि चटकन नजर वर घेतली.

“सरका जरा,” त्या म्हणाल्या. “मला भीती वाटतेय.”