दत्तूअण्णांच्या फ्लॉपीतल्या विहिरी

दत्तूअण्णा कुणाच्याही घरी गेले की माणसं नंतर, आधी विहीर. पिशवीतून सुतळीचा गुंडा काढायचा, टोकाला बांधलेला दगड पाण्याला टेकेपर्यंत सोडायचा, कोरडी राहिलेली सुतळी हातानं मोजायची, वहीत आकडा लिहायचा आणि मग घरात शिरून विचारायचं, “काय, बरे हाईत का समदे?” लग्न असो, बारसं असो, क्रम तोच. बेंबळीला माझ्या आत्याच्या मयताला आले, तर पुढं लोक तिरडी बांधतायत आणि हे परसात विहिरीवर ओणवे. चुलत्यानं दंडाला धरून आणलं, तेव्हा म्हणाले, “सव्वा हात उतरलंय बगा.” आत्याबद्दल एक अक्षर नाही.

तेरला आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून. त्यामुळं हा माणूस मला जन्मापासून सोसावा लागला. गावच्या दूध सोसायटीत दूध तपासायची नोकरी, म्हणजे मोजायची खोड पोटापाण्यालाही लागलेली. लग्न केलं नाही. एकही मुलगी मापात बसली नसावी. घर सांभाळायला धाकटी बहीण होती, इंदुआक्का. ती फारशी बोलत नसे, आणि अण्णा दुसऱ्याला बोलू देत नसत, तेव्हा त्या दोघांचं बरं चाललं होतं.

अशी पंधरा वर्षं सुतळी सोडून झाल्यावर अण्णांच्या घरात कॉम्प्युटर आला. पुण्याच्या चुलतभावाच्या कचेरीनं मोडीत काढलेला; त्याच्या पोटात काही राहत नसे, सगळं फ्लॉपीवर उतरवावं लागे. तालुक्यात धड वीज नाही, नळाला पाणी नाही, आणि ह्यांच्या ओसरीवर कॉम्प्युटर, त्यावर इंदुआक्काच्या जुन्या लुगड्याचं झाकण. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, सगळ्या विहिरी आणि वहीत रोज टिपलेला पाऊस त्यात घालून कागद छापून काढणार. वहीतलं लोक खरं मानत नाहीत, मशीनमधलं मानतात.

चार महिने एका बोटानं टाइप केलं. काम संपलं त्या दिवशी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी पंधरा वर्षांच्या वह्या बंबात घातल्या. कागदाला वाळवी लागते म्हणे. आंघोळीचं पाणी मात्र चांगलं तापलं असणार.

महिन्याभरानं छापायला म्हणून फ्लॉपी लावली, तर मशीन घरघरलं आणि पडद्यावर वाचता येत नाही अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आला. मी सूतगिरणीच्या कचेरीत कॉम्प्युटरवर बसत असे, म्हणून बोलावणं मला. दुसरी प्रत ठेवलीय का, असं विचारल्यावर अण्णा दुखावले. “तीन परती केल्यात. म्या काय अडानी हाय का?” तिन्ही लावून पाहिल्या. तिन्हींची तीच गत. कारण तिन्ही एकाच ठिकाणी ठेवलेल्या. शहाणपणालाही काही हद्द असते, ती अण्णांनी ओलांडली होती.

मग कारणांचा शोध सुरू झाला. शेजारच्या पिठाच्या गिरणीची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडतं, त्यानं फ्लॉपी बिघडली, असा अण्णांनी निकाल दिला. गिरणीवाल्याशी भर रस्त्यात असं भांडले, की बायका दळणाचे डबे तसेच उचलून घरी गेल्या. मशीनबाहेर काढून ठेवलेल्या फ्लॉपीला व्होल्टेज काय करणार, हे मी चार वेळा समजावलं. “तुला न्हाय कळायचं,” म्हणाले. मला कळत नव्हतं तर बोलावलं कशाला, हे विचारायची सोय नव्हती.

रविवारी दुपारी मी कापूस आणि स्पिरिट घेऊन गेलो. फ्लॉपीच्या मधल्या भोकात बोट घालून चकती फिरवली, तर आत वाळू असल्यासारखी कुरकुरली. पाकीट उलटं करून झटकलं. करडी पूड पडली आणि तिच्याबरोबर कडुलिंबाचं एक वाळकं पान. चुलीतली राख. मला ब्रह्मानंद झाला. राखेचं बोट वर करून मी म्हणालो, “अण्णा, हे बघा तुमचं व्होल्टेज.”

तेवढ्यात इंदुआक्का चहा घेऊन आली. अण्णांनी खांद्यावरच्या पंच्यानं माझं बोट पुसून टाकलं, ती पूडही पुसली.

“घावलं का काय झालतं ते?” तिनं विचारलं.

“गिरनीची मोटर,” अण्णा म्हणाले.

“म्या तर लई जपून ठिवल्या व्हत्या. बियान्यागत. राख चोळून, लिंबाचा पाला घालून, मडक्यात. कीड लागू नये म्हनून.”

“म्हनून तर इतके दिस टिकल्या,” अण्णा म्हणाले.

तिला बरं वाटलं. ती आत गेली.

अण्णांनी मला अंगणाच्या टोकाला नेलं. राख त्यांना पहिल्याच दिवशी दिसली होती. गिरणीवाल्याशी भांडण झालं, ते तिला ऐकू जावं म्हणून. मी म्हणालो, अहो पण सांगून टाकायचं, ती काय परकी आहे?

त्यांनी पंचा झटकून राख उडवली. मग म्हणाले, “बहात्तरला येरमाळ्याकडं दिली व्हती तिला. ती गेली अन् त्यांची हीर आटली. पांढऱ्या पायाची म्हनले, अन् सहा महिन्यांत आनून घातली. समद्यांच्याच हिरी आटल्या व्हत्या रे. पर कुनाकडं लिवलेलं नव्हतं.”

पंच्याची घडी करून त्यांनी खांद्यावर टाकली.

“पाऊस पडला की पानी वर, न्हाय पडला की खाली. कुनाच्या पायानं न्हाय. एवढंच छापून तिच्या हातात द्यायचं व्हतं. आता ते तिच्याच हातनं गेलं, हे सांगू का तिला?”

इतकी वर्षं ह्या माणसाची मी गावभर टिंगल केली होती. त्या दुपारी मला माझीच शरम वाटली. गेलेलं काही परत येणार नव्हतं. मी पिशवी उचलून निघालो.

दारातून इंदुआक्कानं हाक मारली. मडकं आता रिकामंच आहे, म्हणाली. “तुमच्या हापिसातल्या बी आना की हिकडं. म्या ठिवते नीट.”

आणतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना दोन कोऱ्या फ्लॉप्या आणल्या आणि ह्यात फार महत्त्वाचं आहे असं सांगून तिच्याकडं दिल्या. तिनं पदराला हात पुसले आणि त्या दोन्ही हातांनी घेतल्या.