जपानहून भरलेली ओटी

डब्यातून तांदूळ निघाले, तेव्हा सुचित्राच्या मनात पाल चुकचुकली.

"तांदूळ कशाला पाठवले असतील हो?"

"खायला," हेमचंद्र लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला.

"सिंगापुरात तांदळाचा दुष्काळ पडलाय का? इथे खाली चोआ चू कांगच्या मॉलमध्ये पोत्यांच्या थप्प्या लागल्यात, आणि ही बाई जपानहून दोन मुठी तांदूळ पाठवते. याला काहीतरी अर्थ असणार."

सुचित्राला प्रत्येक गोष्टीत अर्थ दिसायचा. हेमचंद्राला कशातच दिसत नसे, म्हणून त्यांचा संसार बरा चालला होता.

प्रकरण सुरू झालं ऑक्टोबरात. दोघं नवराबायको आणि त्यांचा सत्तावीस वर्षांचा मुलगा तन्मय जपानच्या डोंगराळ भागात पानगळ बघायला गेले होते. सिंगापुरात बारा महिने झाडं हिरवीगार आणि माणसं घामाघूम. त्यामुळे लालभडक झाड दिसलं रे दिसलं की सुचित्रा त्याच्यापुढे पदर सावरून उभी राहायची. एका खेड्यात कियोको नावाच्या आजीबाईंच्या घरगुती लॉजमध्ये ते उतरले, तर त्याच दिवशी गावात सुगीची जत्रा. देवाची पालखी निघायची होती, पण गावात राहिलेली सगळी म्हातारी माणसं, खांदा देणार कोण? आजीबाईंनी तन्मयला निळा अंगरखा चढवला आणि दांडीखाली उभा केला. शेजारच्या दांडीला होती त्यांची नात मिदोरी. दोघं आरोळ्या ठोकत गावभर फिरले. निघताना आजीबाईंनी वाटेत खायला म्हणून काळ्या चकचकीत लाकडी डब्यात भाजलेले चेस्टनट दिले.

घात झाला तो तिथे. डबा सामानातून सिंगापूरला आला. तो परत करायलाच हवा होता, आणि रिकामा परत करणं शक्यच नव्हतं. सुचित्राच्या माहेरी-सासरी कुणी शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत केलं नव्हतं. तिने बेसनाचे लाडू भरून डबा पोस्टात टाकला. काही दिवसांनी डबा परत हजर. आत सुकवलेली पर्सिमॉनची फळं. तिने चकल्या भरून पाठवला. डबा पुन्हा हजर, आणि आता हे तांदूळ.

सुचित्राने सेम्बावांगला राहणाऱ्या सरिताला फोन लावला. सरिता तिची जुनी मैत्रीण. शिवाय सरिताची पुण्यातली भाची मैत्रेयी तन्मयसाठी सांगून आली होती आणि डिसेंबरात बघण्याचा कार्यक्रम ठरला होता. त्यामुळे सरिताला सांगणं हे सुचित्राला कर्तव्य वाटलं.

"आधी फळं, मग तांदूळ?" सरिता म्हणाली. "अगं, ही तर ओटी! विहिणीची ओटी भरतायत तुझी. आता नुसता खण यायचा बाकी आहे."

"काहीतरीच काय! त्यांना काय माहीत आपली ओटी?"

"सगळीकडच्या म्हाताऱ्या सारख्याच असतात. मुलगा दिसायला बरा, नोकरीला सिंगापुरात, वर पालखी उचलतो! कोण सोडेल? मैत्रेयीला सांगू का थांबायला?"

"नको नको! मी बघते काय करायचं ते."

तन्मय ऑफिसला निघाला होता. सुचित्रा दारातच आडवी आली.

"त्या मिदोरीशी बोलणं होतं का रे तुझं?"

"कधीतरी. फ्रेंड आहे, ला," तो सिंगापुरी ढंगात म्हणाला.

"फ्रेंड म्हणजे?"

"फ्रेंड म्हणजे फ्रेंड. आई, यू ओके ऑर नॉट?" असं म्हणून तो बुओना व्हिस्टाच्या ऑफिसला निघून गेला. शर्ट नवा होता. तोही सुचित्राने हेरला.

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. स्पष्ट बोलावं तर म्हातारीचा अपमान, न बोलावं तर मुलगा हातचा जातो. सुचित्राने मधला मार्ग काढला. जत्रेतला तन्मय-मिदोरीचा हसरा फोटो तिने मोठा करून आणला आणि कात्रीने त्यातली मिदोरी कापून काढली.

"हे काय चाललंय?" हेमचंद्राने विचारलं.

"सुचवतेय त्यांना. आमचा मुलगा एकटा आहे, कुणाबरोबर नाही, एवढं त्यांना कळलं पाहिजे."

"मग तसं लिही ना साधं."

"लिहिलं की तोंडावर मारल्यासारखं होतं. शहाण्याला शब्दाचा मार."

उरलेला अर्धा फोटो उघडाच पाठवणं बरं दिसेना, म्हणून तिने तो सोनेरी काठाच्या कडक कव्हरात घातला. डब्यात शंकरपाळे भरले, वर फोटो ठेवला आणि निश्चिंत झाली.

उत्तर यायला वेळ लागला नाही. या खेपेला डब्यावर पांढरा कागद होता, त्याला लाल-पांढरी दोरी, आणि आत घडी घातलेलं जांभळं रेशमी कापड.

"खण!" सुचित्रा खुर्चीत बसलीच. "आला हो खण! झाली ओटी पुरी. आता मैत्रेयीला आणि सरिताला कुठल्या तोंडाने सांगू?"

हेमचंद्राने कापड उलटंसुलटं करून पाहिलं. "टेबलावर घालायचं असेल," तो म्हणाला. त्याचं कुणी ऐकलं नाही.

शनिवारी सकाळी तन्मय आंघोळीला गेला आणि टेबलावरचा त्याचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता, पडद्यावर नाव मिदोरीचं. सुचित्राने आजवर मुलाचा फोन कधी उचलला नव्हता. पण हा प्रसंगच वेगळा होता.

"हॅलो! मी तन्मयची आई," ती ठणकावून इंग्रजीत म्हणाली.

पडद्यावरच्या मुलीने दचकून कमरेत वाकून नमस्कार केला. "काकू, बरं झालं तुम्हीच भेटलात. खूप दिवस सांगायचं होतं, धीर होत नव्हता."

"सांग," सुचित्रा म्हणाली.

"आजीला काळजीने झोप नाही. तुम्ही इतकं काही पाठवता! आमच्याकडे आलेल्या भेटीची परतफेड करावीच लागते, म्हणून ती पाठवत राहिली. पण मग तुम्ही तो फोटो पाठवलात." ती घुटमळली. "आमच्याकडे जुनी माणसं स्थळ सुचवताना मुलाचा असाच एकट्याचा फोटो पाठवतात. छान कव्हरात घालून."

सुचित्राला ती कात्री आणि ते सोनेरी काठाचं कव्हर आठवलं.

"आजीला तुम्ही सगळे फार आवडलात. पण हे स्थळ तिला मान्य नाही. नकार कसा कळवावा ते सुचेना, म्हणून तिने घरातलं चांगलं रेशीम पाठवलं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, प्लीज."

सुचित्राला एकदम हलकं वाटलं. मुलगा वाचला, मैत्रेयी वाचली, सरितापुढे मान खाली घालण्याचं टळलं. देवाला साखर ठेवावी असा विचारही तिच्या मनात येऊन गेला. मग तोच शब्द पुन्हा तिच्या कानात वाजला.

"नकार?" ती म्हणाली. "आमच्या तन्मयला?"

"हो, म्हणजे आजीला वाटतं..."

"काय वाटतं? काय कमी आहे त्याच्यात? मास्टर्स झालंय त्याचं! दारू नाही, सिगारेट नाही. स्वतःची बनियन स्वतः धुतो. तुमच्या गावात पालखी उचलायला माणूस नव्हता, तेव्हा चालला का गं माझा मुलगा?"

"काकू, आजीला वाटतं सिंगापूर फार लांब आहे."

"लांब? विमान आहे ना! दर दिवाळीला पाठवीन मी तुला माहेरी, नाहीतर आजीलाच इथे आणू. डाळ-भात खाते ना ती? मग झालं तर! तिला सांग, अशा मुलाला नाही म्हणायचं असेल तर मला स्वतः फोन करून कारण सांगा!"

पडद्यावर मिदोरीचे कान लाल झाले होते.

"मी आजीला पुन्हा विचारते, काकू," ती हळूच म्हणाली आणि पुन्हा एकदा वाकली. या वेळी जरा जास्तच खाली.

फोन बंद झाला. हेमचंद्र स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभा होता. चहा पार थंड झाला होता.

"सुचित्रा," तो म्हणाला, "तू आत्ता काय केलंस, तुला कळलंय का?"

"गैरसमज दूर केला त्यांचा," सुचित्रा पदराने घाम पुसत म्हणाली.