गोडबोल्या ग्रेडर

रुक्माबाईंच्या बैलबंडीत हात घालून नव्या ग्रेडरनं मूठभर कापूस काढला, धागा ओढून पाहिला आणि म्हणाला, "वा! फार छान माल आहे, मावशी. वरची प्रत लावतो."

"बंडी वळवा," रुक्माबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"काहून?" बाबाराव गोंधळले. "वरची प्रत देऊन राह्यला न तो."

"म्हणूनच! घेणारा माणूस मालाले नावं ठेवते. हा तारीफ करून राह्यला. काट्यात मारते पाहा."

त्या वर्षी कळंबच्या केंद्रावर खरेदी उशिरा सुरू झाली होती. रुक्माबाईंची समोरची खोली दिवाळीपासून कापसानं भरलेली होती. सकाळी ती उपसून त्यांनी बंडी भरली होती, कारण उद्या लेकीला, रुपालीला पाहायला पाहुणे येणार होते. माल परत गेला, तर पाहुणे गोठ्यात बसणार होते. तरीही बंडी वळली.

केंद्राची रीत ठरलेली होती. ग्रेडरनं माल वाईट म्हणायचा, माल आणणाऱ्यानं ग्रेडरचे डोळे वाईट म्हणायचे, मग चिठ्ठी निघायची. नवा ग्रेडर क्षितिज मात्र पुण्याहून आला होता. मागच्या बंडीतला खेमसिंगचा कापूस त्याला ओला लागला, तेव्हा तो म्हणाला, "किंचित ओलावा आहे, पण उन्हात खुलेल हं!"

"माल ओला हाय हे मले माहीत हाय," खेमसिंग पुटपुटला. "मंग यानं शिवी काहून नाही देल्ली?" त्यानंही बैल वळवले.

तासाभरात एकोणीस बंड्या फाटकाबाहेर गेल्या. दोघातिघांनी आत येऊन काटा तपासायला घरून मोजून आणलेलं ढेपेचं पोतं त्यावर ठेवलं. वजन बरोबर निघालं.

"काटाही बरोबर?" खेमसिंगचा चेहरा पडला. "म्हणजे गडबड लय मोठी हाय."

काट्यावरचा भीमराज क्षितिजजवळ आला. "साहेब, नावं ठेवा जरा."

"अहो, पण माल खरंच चांगला आहे!"

"तं चांगला लिवा न. बोला वाईट."

क्षितिज फाटकाबाहेर गेला. रुक्माबाईंच्या बंडीतून मूठ उचलून त्यानं डोळे मिटले. "मावशी, हा... हा कापूस आहे की जुन्या गादीतली भर?"



"डोये फुटले काय रे तुये!" रुक्माबाई आनंदानं ओरडल्या. "आवो, घ्या बंडी आतमंदी!"

चिठ्ठीवर वरचीच प्रत लिहिली गेली. "पाह्यलं?" त्या बाबारावांना म्हणाल्या. "भांडलो म्हणून भेटली."

दुसऱ्या दिवशी पाहुणे रिकाम्या खोलीत ऐसपैस बसले. मुलाच्या वडिलांना घर आवडलं. मामांना गोठा आवडला. आत्याला मुलगी तर फारच आवडली. रुक्माबाईंचा चेहरा उतरत गेला. स्वयंपाकघरात जाऊन त्या बाबारावांच्या कानाशी कुजबुजल्या, "पोरात काय खोट हाय, इचारून या कोणाले तरी."

त्या बाहेर आल्या, तेव्हा मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. "राग नका मानू बाई, पण पोहे लय खारट झाले."

रुक्माबाईंनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. "तारीख सांगा," त्या म्हणाल्या.