अण्णांची टोपी

आमच्या कळंबात साठीपुढचा माणूस टोपीशिवाय दुकानातसुद्धा जात नाही. शेजारचे किसनअण्णा मात्र दोन वर्षं लग्नांनाही उघड्या डोक्यानं येत होते. फेट्याटोप्यांच्या पंगतीत त्यांचं टक्कल एकटंच चमकायचं. कुणी हटकलं की म्हणायचे, "टोपी कामात हाय."

अण्णांचं सगळं आयुष्य कांद्यात गेलेलं. त्यांची नात चिऊ पुण्याहून यायची आणि दुपारपर्यंत कंटाळून परत जायला रडायची. म्हणून एका उन्हाळ्यात अण्णांनी घराला लागून असलेली कांदे साठवायची बराख रिकामी केली आणि तिथं खेळाची खोली करायला घेतली. कांदे ओसरीवर आले. अण्णांची बायको, आमच्या काकू, घुश्शात.

बराखीच्या फटी त्यांनी बुजवल्या नाहीत. खेळणी मांडायच्या फळ्याही फटी ठेवूनच ठोकल्या. "खेळण्यांनाबी वारं लागतं, भाऊ. न्हाईतर आतून सडत्यात."

कांद्यासारखीच खेळणीही आकारानुसार निवडून लावली. चेंडू म्हणजे मोठा गोळा, भोवरे मधली गोल्टी, गोट्या बारीक चिंगळी. आठवड्याला सगळी खालीवर करायचे.

"अवो, ती पोर हाय का कांदा?" काकू ओरडायच्या.

फळ्यांची उंची ठरवायला अण्णा गुडघ्यांवर रांगत फिरले. मी उभ्यानं सल्ला द्यायला लागलो तर म्हणाले, "खाली बसा राव! वरून काय दिसणार हाय?"

मी बसलो. फटींमधून उन्हाच्या पट्ट्या आत येत होत्या, त्यांत धूळ सावकाश तरंगत होती. माझ्या घरी मुलांच्या खोलीत मी खताच्या गोण्या रचल्या होत्या. त्या आठवल्या आणि मला लवकर उठवेना.

चिऊ आली ती सुट्टीभर राहिली. नंतर जावयाची बदली नागपूरला झाली. त्यानंतरचे दोन्ही मे महिने ती आली नाही. लोक म्हणाले, आता कांदे भरा आत. अण्णांनी ऐकलं नाही.

मला राहवेना. मंचरच्या बाजारातून नवी टोपी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, नीट घडी घालून माझ्या खिशात परत ठेवली आणि मला बराखीत नेलं. आत शिरताना ओठांवर बोट ठेवलं.

खालच्या फळीवर अण्णांची जुनी टोपी होती. तिच्यात चिंध्यांची एक बाहुली निजलेली, अंगावर काकूंच्या लुगड्याचा तुकडा.

"चिऊनं निजवलीय," ते कुजबुजले. "म्हणली, आजोबा, मी येईस्तोवर उठवायचं न्हाई."

"पण तोवर ही नवी घाला की."

अण्णांनी टकलावरून हात फिरवला. "डोकं उघडं असलं की ध्यानात ऱ्हातं, भाऊ. कुणीतरी यायचं हाय."

मग त्यांनी वाऱ्यापुरती फट ठेवून दार लोटलं. अंगणात येऊन बराच वेळ झाला, तरी आम्ही दोघं हळूच बोलत होतो.