टपली न मारल्याची नोंद

सूनबाईंच्या मनात तो विचार पुन्हा आला तेव्हा सासरे खिडकीशी पेपर वाचत होते आणि त्यांचं टक्कल उन्हात लखलखत होतं. एक टपली मारावी. हलकीच. आवाज कसा येतो, एवढंच बघायला.

रोज पहाटे प्रार्थना करणारी, मुंगीलाही वळसा घालून जाणारी बाई ती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगणार कुणाला? शेवटी भाचीला सांगितलं. नको असताना मनात घुसणाऱ्या विचारांपुढे माणसं कशी वागतात, हे भाची कॉलेजच्या प्रकल्पासाठी नोंदवत होती.

"मावशी, असले विचार सगळ्यांनाच येतात. तू फक्त लिहून ठेव. किती वेळा आला, लाज दहापैकी किती वाटली आणि मग काय केलंस."

"नाव नाही ना लिहायचं?"

"तुझं नको."

"त्यांचं गं."

"टक्कल लिही."

कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटला. विचार आला की लाज, लाज वाटली की सेवा. पहिल्या दिवशी तीन वेळा चहा झाला. मोजायला लागल्यापासून विचार वाढले, तशी पाठीला उशी आली, चष्मा पुसून मिळू लागला, पाय चेपून मिळू लागले.

महिनाअखेरीला सासरे थोरल्या मुलाकडे राहायला जाणार होते. त्यांनी फोन करून सांगितलं, "धाकटी मला फुलासारखं जपते. मी काही येत नाही."

लगेच जाऊबाईंचा फोन. "काय जादू केलीस बाई? आम्हालाही शिकव."

त्या दिवशी सूनबाईंनी लाजेच्या रकान्यात दहापैकी बारा लिहिले.

पोरीला किती राबवायचं, म्हणून एका दुपारी सासरे स्वतःच चहा करायला उठले आणि साखरेसाठी त्यांनी कपाट उघडलं. सूनबाई धावत आल्या तेव्हा कागद त्यांच्या हातात होता.

"'टक्कल, टपली, चौदा वेळा.' हे काय गं?"

सूनबाईंची नजर जमिनीवरून उठेना. "बाबा, मारली नाही एकदाही."

"मंगळवारी सफरचंद कापून दिलंस ते?"

"टपली."

"आणि उशी?"

"टपलीच."

"रविवारी मात्र साधं पाणीसुद्धा विचारलं नाहीस."

"रविवारी तुम्ही टोपी घातली होती, बाबा."

सासरे खोलीत गेले. कपाट उघडल्याचा, काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. बॅग भरतायत, सूनबाईंना वाटलं. आता थोरल्याकडे जाऊन सगळं सांगतील. देवासमोर तरी कुठल्या तोंडानं बसायचं?

सासरे बाहेर आले. हातात बॅग नव्हती. तेल लावून डोकं चकचकीत केलं होतं. ओट्याजवळ स्टूल ओढून, तिच्याकडे पाठ करून ते बसले.

"सावकाश होऊ दे," ते म्हणाले, "मी इथंच आहे. आज चहाबरोबर बिस्किटं पण चालतील."