बालय्यांची हरकत

बालय्या कोणतीही वस्तू हातात आली की आधी उलटी करीत. चादरीच्या कारखान्यात तपासनीस म्हणून त्यांनी आयुष्यभर चादरींची मागची बाजू पाहिली आणि निवृत्तीनंतर जगाचीही तीच बाजू पाहावयास घेतली. लग्नपत्रिका, ताटातली भाकरी, औषधाची पट्टी, सारे आधी उलटे. पुतणीला पाहायला आलेल्या मुलाचा कोट त्यांनी ‘जरा काढा की’ म्हणून मागून घेतला आणि अस्तराची शिवण तपासली. पाहुणे चहा न घेता गेले.

‘‘वरनं समदं झकासच असतंय की, मास्तर,’’ ते मला म्हणत. ‘‘सुटलेला धागा मागं असतोय.’’

निवडणूक आली की हा छंद सरकारी कार्यालयापर्यंत पोहोचे. उमेदवारांची शपथपत्रे तेथे फलकावर लावतात आणि ती कोणीही वाचत नाही. बालय्या डबा घेऊन जात आणि उभ्याने जेवत वाचीत. एकदा मागे काय लिहिले आहे ते पाहण्यासाठी त्यांनी चिकटवलेला कागद नखाने सोडवायला घेतला, तेव्हा शिपायाने त्यांना दंडाला धरून बाहेर काढले.

गेल्या महापालिका निवडणुकीत त्यांनी जे केले, त्याविषयी आमच्या पेठेत दोन कथा प्रचलित आहेत. पहिली, विरोधकांनी त्यांना विकत घेतले. दुसरी, मी त्यांना चिथावले. कारण मी त्याच प्रभागातून अपक्ष उभा होतो आणि बालय्या माझ्या अर्जाचे सूचक होते. दोन्ही कथा असत्य आहेत. सांगणारे तेथे नव्हते, मी होतो. मला मते किती पडली, हा या लेखाचा विषय नाही.

प्रभागातला मातब्बर उमेदवार अमरदादा. व्यायामशाळा, रुग्णवाहिका, गणपतीचा मांडव, सर्वत्र त्यांचे छायाचित्र. एवढे येते कोठून, हे सर्वांना ठाऊक होते. ‘पावडर’ हा शब्द उच्चारताना लोक आवाज खाली आणीत आणि दादांना जेवायला बोलावीत. पक्षाने त्यांना उमेदवारी देताना चौकशी केली असे म्हणतात. ती चौकशी बहुधा त्याच मांडवात बसून झाली असावी.

छाननीच्या आदल्या दिवशी दुपारी मी बालय्यांकडे चहा घेत असताना दादांचा एक माणूस आला. अत्यंत नम्रपणे पाया पडला.

‘‘काका, शिनूची केस आपलाच वकील बगतोय न्हवं? दादा म्हणले, काकांना वाचायचा नाद हाय, वाचू द्या. फकस्त मोठ्यानं वाचू नका म्हणावं.’’

तो गेला. बालय्यांनी बशी खाली ठेवली. त्यांचा मुलगा श्रीनिवास बंगळुरात कापडाच्या दुकानात आहे, असे आम्ही तीन वर्षे ऐकत होतो. त्या दुपारी खरे कळले. टॉवेलच्या गठ्ठ्यांतून पावडर नेणारा टेम्पो कर्नाटकच्या सीमेपलीकडे पकडला गेला, तेव्हा तो श्रीनिवास चालवीत होता. त्याच दोषारोपपत्रात दादांचेही नाव होते. दादा जामिनावर बाहेर आले, श्रीनिवास आत राहिला. आणि दादांच्या शपथपत्रात प्रलंबित गुन्ह्यांच्या रकान्यात लिहिले होते, ‘निरंक’.

बालय्यांनी पेटीतून दोषारोपपत्राचा तो कानडी कागद काढला. सीमेजवळच्या दुधनीच्या एका वकिलाकडून त्याचे मराठी भाषांतरही त्यांनी कधीच करून घेतले होते.

मी म्हणालो, ‘‘हे आत ठेवा. उद्या गप्प बसा. पोराचा वकील जाईल.’’

होय, मी त्यांना थांबवू पाहिले. सार्वजनिक नीतीवर आयुष्यभर भाषणे केलेल्या माणसास हे लिहिताना आनंद होत नाही. परंतु चिथावणीचा आरोप खोडायचा तर हेच लिहावे लागते.

दुसऱ्या दिवशी दालनात दादा पहिल्या रांगेत होते, त्यांची माणसे भिंतीला टेकून उभी होती. अधिकाऱ्यांनी दादांचा अर्ज पुकारला. हरकत कोणाची? मी बालय्यांचा सदरा खाली ओढला. ते उठले.

‘‘रकाना खोटा हाय, सायेब. हा कागद बगा.’’

अधिकाऱ्यांनी भाषांतर वाचले. ‘‘आरोपी क्रमांक चार...’’ त्यांनी दादांकडे पाहिले.

दादांचे वकील उठले. ‘‘नामसाधर्म्य असू शकते. आणि परराज्यातल्या खटल्याचा कागद या गृहस्थांच्या हाती आला कसा? कोणी दिला?’’

भिंतीजवळचा एक माणूस दोन पावले पुढे आला. बालय्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग अधिकाऱ्यांकडे.

‘‘त्यातला आरोपी क्रमांक एक माझा मुलगा हाय. म्हणून आला.’’

दालनात आमची अर्धी पेठ बसली होती.

हरकत नोंदवली गेली. माहितीचा खरेखोटेपणा न्यायालय ठरवील, असे सांगून अधिकाऱ्यांनी अर्ज वैध केला. बालय्यांनी पोच मागून घेतली. जिन्यात दादा त्यांच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘‘काका, आता पोराचं तुमचं तुमी बगा.’’ दादा निवडून आले. श्रीनिवासचा वकील हरकतीच्या दुसऱ्याच दिवशी खटल्यातून बाहेर पडला होता. विकत घेतलेल्या माणसाचा हा लाभ ज्यांना दिसतो, त्यांनी तो मला दाखवावा.

पुढच्या भेटीच्या दिवशी बालय्या प्रथमच मला म्हणाले, ‘‘मास्तर, येता का संगं?’’ आम्ही सकाळच्या एसटीने सीमेपलीकडे गेलो. तुरुंगाच्या फाटकाशी भेटीला येणाऱ्यांची वही होती. बालय्यांनी नाव लिहिले, पुढचा रकाना भरला आणि वही सरकवली. शिपायाने ती वाचली, मागची पाने चाळली आणि मोडक्या मराठीत विचारले,

‘‘अज्जा, तीन वर्षे इथं ‘ओळखीचा’ लिहिता. आज ‘वडील’?’’

‘‘व्हय,’’ बालय्या म्हणाले. ‘‘आत त्याला सांगताना तसंच सांगा.’’